किमान विश्रांती

ताओयुआनला, विमानतळामागे, तिसऱ्या मजल्यावर
खिडकी नसलेल्या खोलीत बसून
मी रात्री माणसं उठवते.
पगारपत्रकात या कामाला दुसरं नाव आहे.

पडद्यावर वैमानिक म्हणजे एकेक आडवी पट्टी.
उड्डाण निळं. राखीव पिवळं. रजा पांढरी.
पांढरं इतकं थोडं, की नव्या मुलीला वाटलं
पडदाच बिघडलाय.

कॅप्टन ल्याओ पहिल्याच घंटीला उचलतात,
आवाजाला कडक इस्त्री, जणू जागेच होते.
जागेच असतात.
आन्सेल्मो आधी पोर्तुगीजमध्ये काहीतरी पुटपुटतो,
मग विचारतो, मी कुठे आहे?
मी शहर सांगते. तो हसतो.
मला हसू येत नाही. मागच्या खेपेला
मीच चुकीचं शहर सांगितलं होतं.
त्याचा करार वीस दिवस इथे, दहा दिवस घरी.
घर रेसिफेला. जाण्यात दोन गेले, येण्यात दोन,
उरलेल्या सहांतले तीन
तो रात्री तीनला स्वयंपाकघरात उभा असतो
आणि मुलगी शाळेत असताना घोरतो.

के यू-चेननं जानेवारीतच अर्ज टाकला होता.
पाच एप्रिल, छिंगमिंग.
युनलिनला वडिलांची कबर. गवत काढायचं,
पिवळे कागद ठेवायचे, उडू नयेत म्हणून वर दगड.
रजेला गुण लागतात. तिचे बासष्ट.
त्या दिवसाचा भाव गेला एकशे सत्तरवर.
सगळ्यांचंच कुणी ना कुणी मातीत आहे.

मी तिला अँकरेजच्या फेरीवर टाकलं,
विमानाच्या पोटात सायकलींचे सुटे भाग.
तिथे एप्रिलात ऊन रात्री नवापर्यंत रेंगाळतं;
ती बॅगेत कपड्यांचे दोन चिमटे बाळगते,
हॉटेलच्या पडद्यांची फट बंद करायला.
चारच्या पहाटे दोनला निघाली,
साडेनऊ तास उडाली,
पाचच्या पहाटे साडेतीनला उतरली.
मधला दिवस समुद्रात पडला.
तो कुणाच्या खात्यावर मांडायचा
हे नियमपुस्तकात नाही, मी शोधलंय.

उतरल्यावर फॉर्म. थकवा: एक ते सात.
एक म्हणजे टवटवीत, सात म्हणजे उभंही राहवत नाही.
सगळे चार लिहितात.
सहा लिहिलं की डॉक्टर, मग वरच्या मजल्यावर बोलावणं,
चहा, आणि अतिशय मायेनं विचारलेले प्रश्न.
तिनं साडेचार लिहिलं.
संगणकाला अर्धं कळत नाही. त्यानं चार केले.

किमान विश्रांती बारा तास.
दुपारी चारपासून पुन्हा पिवळी.

चार वाजून सहा मिनिटांनी पेनांगचा सहवैमानिक आजारी पडला.
मी अजून खुर्चीतच होते, एकोणिसावा तास;
माझ्या जागी येणारा पोरगा
आजोबांच्या कबरीवर गेला होता, तैतुंगला.
माझ्यासाठी तो एक ते सातचा फॉर्म नाही.
यादीत पहिलं नाव तिचं.

तिनं उचलला. मागे वारा,
कुणीतरी विळ्यानं गवत कापत होतं, खसक, खसक,
एक बाई म्हणाली, दगड जरा मोठा घे.
झोपले होते, यू-चेन म्हणाली.
आवाज ल्याओंसारखा, इस्त्री केलेला.
येते. दीड तास द्या.

एवढं बोलून ती थांबली. मीही.
विळा थांबला नाही.

चुकून लागला, मी म्हटलं. झोप.

तिच्या पट्टीवर काय नोंदवलं ते सांगत नाही.
यादीतलं दुसरं नाव लावलं.
बराच वेळ वाजत राहिलं.